रॅलेच्या दारात

१७३६ साली व्हर्जिनियात जमिनीचा एक व्यवहार झाला. जमीन २०० एकर, देणारा विल्यम रँडॉल्फ, घेणारा त्याचा जिवलग मित्र पीटर जेफरसन. खरेदीखतात किमतीच्या जागी पौंड-शिलिंगचा आकडा नाही. तिथे लिहिले आहे ते असे : हेन्री वेदरबर्नच्या सर्वांत मोठ्या वाडग्यातले आरकाचे पंच. दोन मित्रांनी सरकारी कागदावर केलेली ही थट्टा कायद्यानेही मान्य झाली. पीटरने पुढे तिथे घर बांधले, त्याला शॅडवेल नाव दिले, आणि १७४३ मध्ये त्या घरात त्याला मुलगा झाला. तो म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन.

पंच म्हणजे दारू, पाणी, लिंबाचा रस, साखर आणि मसाला यांचे मिश्रण. त्यात पडणारा आरक पूर्वेकडून जहाजाने जाई. माडाच्या सुरेपासून गाळलेला गोव्याचा आरक आणि जावा बेटावरचा बटाविया आरक ही त्या काळी अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या शौकिनांना ठाऊक असलेली नावे. रमपेक्षा तो महाग पडे. तेव्हा वेदरबर्नचा मोठा वाडगा ही काही फुकाची किंमत नव्हती.

हा वेदरबर्न विल्यम्सबर्ग गावात टॅव्हर्न चालवी. मुक्काम, जेवण, दारू, पत्त्यांचे टेबल आणि बाहेर घोड्याला दाणापाणी, असा सगळा संसार एका छपराखाली मांडणाऱ्या या धंद्याला आपल्याकडे नेमका जोड नाही. धर्मशाळेत दारू नाही, गुत्त्यात बिछाना नाही, आणि खानावळीत कुणी विधिमंडळ भरवत नाही. विल्यम्सबर्गच्या रॅले टॅव्हर्नमध्ये ते भरले, एकदा सोडून दोनदा.

विल्यम्सबर्ग १६९९ ते १७८० व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी होते. राजधानी म्हटले की मोठे शहर डोळ्यांपुढे येते. पण क्रांतीच्या तोंडावरही इथली वस्ती दोन हजारांच्या आत होती, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय, बहुतेक सगळे गुलाम. मोठा रस्ता एकच, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट. सुमारे मैलभर लांब आणि ९९ फूट रुंद. पश्चिम टोकाला विल्यम अँड मेरी कॉलेज, पूर्व टोकाला कॅपिटॉल, म्हणजे विधिमंडळ आणि वरिष्ठ न्यायालय एकाच इमारतीत. रॅले या कॅपिटॉलपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या उत्तर बाजूला. ती १७१७ च्या सुमारास सुरू झाली. नाव सर वॉल्टर रॅलेचे, ज्याने अमेरिकेच्या या किनाऱ्यावर इंग्रज वसाहत घालण्याची पहिली खटपट केली आणि इंग्लंडच्या दरबाराला तंबाखूची गोडी लावल्याचे श्रेय लोकांनी ज्याला देऊन टाकले. त्याचा शिशाचा अर्धपुतळा दारावर बसवलेला होता. तंबाखूवर जगणाऱ्या मुलखात गिऱ्हाइकाला खेचायला याहून चांगली पाटी कोणती?

तंबाखूमुळेच टॅव्हर्नला एवढे महत्त्व आले, हे थोडे उलगडून सांगायला हवे. व्हर्जिनियात नद्या मोठ्या, समुद्राची भरती त्यांत आतवर शिरणारी. मळेवाल्यांच्या जमिनी या नद्यांकाठी लांबलांब पसरलेल्या. लंडनचे जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागे, तंबाखूची पिंपे तिथेच चढत आणि इंग्लंडहून मागवलेले कापड, काचसामान, खुर्च्या तिथेच उतरत. मग बाजारपेठ हवी कशाला? परिणामी या श्रीमंत वसाहतीत गावेच फारशी वाढली नाहीत. शेजाऱ्याचे घर पाच-दहा मैलांवर. माणसे एकमेकांना भेटत ती तीनच ठिकाणी : रविवारी चर्चच्या आवारात, महिन्यातून एकदा काउंटी न्यायालयाच्या दिवशी, आणि टॅव्हर्नमध्ये.

राजधानीत ही भेट मोठ्या प्रमाणावर होई. वसंतात आणि शरदात वरिष्ठ न्यायालयाची सत्रे भरत, त्यांना लोक ‘पब्लिक टाइम्स’ म्हणत. त्या दिवसांत गावाची लोकसंख्या दुपटीला जाई. खटले होतेच, पण खटला नसलेलेही येत. वर्षभराचे हिशेब मिटवायचे, लंडनवरच्या हुंड्या घ्यायच्या-द्यायच्या, कर्जाची मुदत वाढवून घ्यायची, घोडा विकायचा, मुलीसाठी स्थळ पाहायचे. १७६५ च्या एप्रिलमध्ये एक फ्रेंच प्रवासी नेमका या गर्दीत सापडला. त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे की दिवसा लोकांची कॅपिटॉल ते टॅव्हर्न अशी धावपळ चालते, आणि रात्री एका खोलीत मद्यपान तर दुसरीत फासे, तेही उजाडेपर्यंत. तो जेन व्होब नावाच्या बाईच्या टॅव्हर्नमध्ये उतरला होता आणि तिथे त्याची गाठ वसाहतीतल्या नामांकित जुगाऱ्यांशी पडली. हे जुगारी म्हणजे कुणी उडाणटप्पू नव्हेत. त्यांत विल्यम बर्डसारखे हजारो एकरांचे धनी होते.

टॅव्हर्न कुणीही उठून काढावी असा हा धंदा नव्हता. परवाना काउंटी न्यायालय देई, आणि दरही न्यायालयच ठरवी : जेवणाचा, बिअरच्या क्वार्टचा, मडेराच्या बाटलीचा, रात्रीच्या बिछान्याचा, घोड्याच्या चाऱ्याचा. हे दरपत्रक दर्शनी खोलीत सगळ्यांना दिसेल असे लावणे बंधनकारक. काही दरपत्रकांत तर चादर स्वच्छ असेल तरच बिछान्याचे पैसे, अशी अट आढळते, तिच्यावरून इतरत्र चादरींची काय अवस्था असेल ते ओळखावे. खोली भाड्याने घ्यायची कल्पना सर्वसाधारण प्रवाशाला नव्हती. तो बिछाना घेई, आणि गर्दीच्या दिवसांत बिछान्यातली अर्धी जागा. रात्री कुणी अनोळखी माणूस शेजारी येऊन आडवा झाला तर तक्रारीला जागा नसे. रॅलेसारख्या वरच्या दर्जाच्या टॅव्हर्नमध्ये बड्या लोकांना वेगळ्या खोल्या मिळत, आणि तिथे जाणारे लोक त्या सोयीसाठीच जात. खलाशांना उधारी द्यायची नाही, शिकाऊ कामगार आणि गुलाम यांना मालकाच्या परवानगीवाचून दारू द्यायची नाही, असे कायदे होते. म्हणजे टॅव्हर्न ही सगळ्या गावाची बैठक होती असे आपण म्हणतो तेव्हा ‘सगळे गाव’ कोण, हे कायद्यानेच आधी ठरवून टाकलेले होते.

परवाना देणारे हे न्यायाधीश कोण? त्यांना राजाकडून पगार नव्हता. ते त्याच काउंटीतले जमीनदार, आणि त्यांतले बरेचसे विधिमंडळाचेही सभासद. टॅव्हर्नचा परवाना, टॅव्हर्नचे दर आणि टॅव्हर्नमधली उत्तम खुर्ची ही सगळी एकाच वर्गाच्या हाती होती. पुढे काय घडले ते समजायला ही गोष्ट उपयोगी पडेल.

वेदरबर्न स्वतः मोठा खटपट्या. रॅलेचा आधीचा चालक हेन्री बोकॉक वारल्यावर त्याने १७३१ मध्ये त्याच्या विधवेशी लग्न केले आणि धंदा हाती घेतला. काही वर्षांनी समोरच स्वतःची टॅव्हर्न उभी केली. १७५१ मध्ये ती बायको गेली, तर थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका टॅव्हर्नवाल्याच्या विधवेशी, ॲन शील्ड्सशी, त्याचे लग्न झालेले होते. गावात यावर बरीच कुजबुज झाली. माझ्या मते त्यात प्रेमाचा भाग किती हे विचारण्यात अर्थ नाही. टॅव्हर्न चालवणे हे दोन माणसांचे काम, आणि स्वयंपाकघर, कोठी, चादरी, चाकरमाणसे यांची घडी ज्या बाईला ठाऊक ती घरात असणे म्हणजे धंदा चालू राहणे. विधवांनी तर या गावात एकटीनेही टॅव्हर्न चालवल्या. जेन व्होबचा उल्लेख वर आलाच. १७७२ मध्ये तिने रॅलेच्या समोर ‘किंग्ज आर्म्स’ थाटली आणि वर्तमानपत्रात जाहिरात देताना पत्ता म्हणून रॅलेचेच नाव सांगितले. क्रिस्टियाना कॅम्पबेलकडे जॉर्ज वॉशिंग्टन नेमाने जेवायला जाई. पेयपानावरचा खर्च तो पैशापैशाने वहीत लिही, आणि त्या वह्यांमुळे आज आपल्याला या टॅव्हर्नमधली गिऱ्हाइके कळतात.

वेदरबर्नच्या टॅव्हर्नच्या परसात विसाव्या शतकात उत्खनन झाले, तेव्हा जमिनीत पुरलेल्या बाटल्या सापडल्या. आत दारू नव्हती. चेरी होत्या, दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी बेगमीला ठेवलेल्या.

रॅलेच्या दारात काय काय चालत असे ते ‘व्हर्जिनिया गॅझेट’मधल्या जाहिरातींवरून दिसते. हे वर्तमानपत्र १७३६ पासून याच गावात छापले जाई. जमिनीचा लिलाव रॅलेच्या दारात. दिवाळे निघालेल्या माणसाचे सामान रॅलेच्या दारात. नाचाच्या समारंभाची तिकिटे रॅलेत मिळतील. लॉटरी, नाटकाचे प्रयोग, हरवलेले घड्याळ, आलेली पत्रे, सगळ्याचा पत्ता एकच. आपल्या गावाचा पार, चावडी आणि आठवड्याचा बाजार एकाच ओट्यावर भरला तर जशी वर्दळ होईल तशी ही वर्दळ.

आत मोठे दालन होते, अपोलो. लंडनच्या डेव्हिल टॅव्हर्नमध्येही या नावाचे दालन होते, जिथे नाटककार बेन जॉन्सन आणि त्याचे कविमित्र बसत. तिथली हवा आपल्याकडेही यावी ही वसाहतीतली हौस. शेकोटीच्या वर लॅटिन अक्षरे, त्यांचा आशय असा की आनंद हे शहाणपण आणि चांगले जगणे यांचे अपत्य. नाच याच दालनात होत. १७६३ च्या ६ ऑक्टोबरला रात्री तिथे वीस वर्षांचा थॉमस जेफरसन रिबेका बरवेल हिच्याबरोबर नाचला. त्याने मनात बरेच सुंदर शब्द जुळवून ठेवले होते. आयत्या वेळी तोंडून निघाली ती तुटक वाक्ये आणि मध्ये लांबलचक थांबे. दुसऱ्या दिवशी जॉन पेज या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ही फजिती सांगितली आहे. रिबेकाने पुढे जॅक्विलिन ॲम्ब्लरशी लग्न केले. जेफरसन आयुष्यभर भाषणाला कचरला आणि लेखणीने सगळ्यांना भारी पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची सुरुवात अपोलोत झाली असे म्हणायचा मोह होतो, पण एका फसलेल्या नाचावर इतके ओझे टाकू नये.

सहा वर्षांनी तो त्याच दालनात परत आला, या खेपेस विधिमंडळाचा नवा सभासद म्हणून.

लंडनच्या संसदेने १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर वसाहतींत जकात बसवली होती. १६ मे १७६९ रोजी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने, म्हणजे हाउस ऑफ बर्जेसेसने, ठराव केला की इथल्या लोकांवर कर बसवण्याचा अधिकार इथल्या विधिमंडळाचा आहे, आणि इथल्या आरोपीला खटल्यासाठी समुद्रापार इंग्लंडात नेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर लॉर्ड बॉटेटॉर्टने सगळ्यांना वर बोलावले आणि विधिमंडळ विसर्जित झाल्याचे सांगितले.

विधिमंडळ विसर्जित करता येते. माणसे काही विरघळत नाहीत. सभासद जिना उतरले, रस्त्यावर आले आणि थेट रॅलेत गेले. टॅव्हर्नचा मालक तेव्हा अँथनी हे होता, मूळचा लाकूडकाम करणारा कारागीर, दोनच वर्षांपूर्वी कारखाना दुसऱ्याला देऊन या धंद्यात पडलेला. अपोलोत अध्यक्ष म्हणून पेटन रँडॉल्फला बसवले. तो विधिमंडळाचाही अध्यक्ष होता. मसुदा वॉशिंग्टनने आणलेला होता. तो तयार करण्यात त्याचा शेजारी जॉर्ज मेसन याचा मोठा हात होता. वॉशिंग्टनच्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद एका ओळीत आहे : अँथनी हेच्या घरी समितीत रात्री दहापर्यंत. १८ मे रोजी करारावर सह्या झाल्या. जकात रद्द होईपर्यंत इंग्लंडचा माल मागवायचा नाही, असा हा करार.

यादी वाचायला मजा येते. दारू, वाइन, बिअर, चीज, मेणबत्त्या, लोणची, घड्याळे, आरसे, टेबले, खुर्च्या, घोडागाड्या, सुतारकामाचा सगळा माल. म्हणजे एका मळेवाल्याच्या घरातून आणि रॅलेच्या आतल्या खोलीतून जे काही उचलता येईल ते सगळे. हलका, स्वस्त कागद मात्र वगळला, कारण वकील आणि व्यापारी त्याच्यावाचून जगणार कसे? लोकर वाढावी म्हणून कोकरे मारायची नाहीत असेही एक कलम आहे. आणि १ नोव्हेंबरनंतर बाहेरून आणलेले गुलाम विकत घ्यायचे नाहीत. हे कलम वाचून पाठ थोपटायची घाई करू नये. गुलामांचा व्यापार करणारे इंग्लंडचे व्यापारी होते आणि त्यांच्या खिशाला चटका बसावा हा हेतू होता; शिवाय मळ्यांवर आधीच असलेल्या गुलामांची किंमत त्याने कमी होणार नव्हती.

सह्या झाल्यावर पेले उचलले गेले. पहिला राजाच्या नावाने. मग राणी आणि राजघराण्याच्या. मग लॉर्ड बॉटेटॉर्टच्या, ज्याने आदल्याच दिवशी यांना घरी पाठवले होते. मग इंग्लंड आणि वसाहती यांची जोडी चिरकाल टिको म्हणून. क्रांतिकारक म्हणून आपल्या मनात जे चित्र असते त्यात हे बसत नाही. पण माणसे बंड करतात ती बहुधा अशीच, जुन्या शिष्टाचाराचा पदर घट्ट धरून.

१७७३ च्या मार्चमध्ये रॅलेच्या एका खासगी खोलीत पाच-सहा तरुण सभासद जमले : पॅट्रिक हेन्री, रिचर्ड हेन्री ली आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस लाइटफूट ली, जेफरसन, आणि जेफरसनचा मेहुणा डॅब्नी कार. ज्येष्ठ मंडळी फार सावधपणे चालतात, असे यांचे मत होते. सगळ्या वसाहतींनी आपापली पत्रव्यवहार समिती नेमावी आणि एकमेकींना बातम्या कळवत राहावे, असा ठराव त्यांनी तिथे लिहून काढला. १२ मार्चला कारने तो विधिमंडळात मांडला आणि तो संमत झाला. दोन महिन्यांनी कार वारला, तिशीच्या आत. तेरा वसाहतींना एकत्र बांधणारी दोरी ज्यांनी वळली त्यांत त्याचा हात होता, पण त्याचे नाव आता अमेरिकेतही फारसे कुणी घेत नाही.

१७७४ चा प्रसंग १७६९ च्या वळणावरच गेला. बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा बुडवला गेला होता. ही कंपनी तीच, जी याच वर्षांत आपल्याकडे बंगाल पचवत होती आणि कर्जाने वाकली होती. शिक्षा म्हणून बॉस्टन बंदर १ जूनपासून बंद होणार होते. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने तो दिवस उपवास आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. नवा गव्हर्नर लॉर्ड डनमोरने २६ मे रोजी विधिमंडळ विसर्जित केले. सभासदांना वाट पाठ होती. २७ मे रोजी अपोलोत ८९ जणांनी नव्या करारावर सह्या केल्या आणि सर्व वसाहतींच्या प्रतिनिधींनी दरवर्षी एकत्र बसावे अशी सूचना केली. त्या सूचनेतून त्याच वर्षी ५ सप्टेंबरला फिलाडेल्फियात पहिली काँटिनेंटल काँग्रेस भरली. आणि तिथेही प्रतिनिधी सकाळी आधी सिटी टॅव्हर्नमध्ये जमले, मग चालत सभागृहात गेले. अध्यक्ष पुन्हा पेटन रँडॉल्फ.

२७ मेची रात्र मला फार आवडते. दुपारी करारावर सह्या करणाऱ्या याच मंडळींनी रात्री कॅपिटॉलमध्ये गव्हर्नरच्या पत्नीच्या स्वागतासाठी नाचाचा समारंभ दिला. आधी ठरलेला होता, रद्द कशाला करायचा? वॉशिंग्टन आदल्या दिवशी सकाळी डनमोरच्या शेतावर न्याहारीला गेला होता, त्याच दिवशी विधिमंडळ विसर्जित झाले, आणि दुसऱ्या रात्री तो डनमोरबाईंच्या समारंभाला हजर. रोजनिशीत सगळे एका सुरात नोंदलेले, रागाचा शब्द नाही.

इथे न्यायाधीशांची गोष्ट पुन्हा आठवावी. गव्हर्नर कॅपिटॉलचे दार बंद करू शकत होता, कारण ते राजाचे होते. रॅलेचे दार बंद करायचे तर परवाना काढून घ्यायला हवा, आणि परवाना ज्यांच्या हाती तेच लोक आत बसलेले. टॅव्हर्नमध्ये क्रांती शिजली याचे श्रेय अनेकजण दारूला, गप्पांना, मोकळ्या हवेला देतात. मला ते अर्धेच पटते. या गावात राजाच्या अखत्यारीबाहेर ८९ माणसे मावतील असे दालन सहज मिळणारे नव्हते, आणि त्याची किल्ली याच माणसांच्या मर्जीतल्या एका धंदेवाल्याकडे होती.

या दालनात मेणबत्त्या कोण लावत होते? पंचचे वाडगे कोण आणत होते, बूट कोण पुसत होते, मागच्या स्वयंपाकघरात जाळासमोर कोण उभे होते? वेदरबर्न वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत चांदीची भांडी, बिछाने, खुर्च्या यांच्याबरोबर १२ गुलाम माणसे मोजलेली आहेत. अँथनी हे १७७० च्या अखेरीस वारला. त्याच्या मालमत्तेच्या विक्रीची जाहिरात गॅझेटमध्ये आली, तीत एक उत्तम लाकूडकारागीर, एक कोचमन, जेवणाच्या टेबलाशी उभी राहणारी मुले, स्वयंपाक आणि धुणे करणाऱ्या बायका असा उल्लेख आहे. यांतल्या काहींनी १७६९ च्या मेमध्ये अपोलोत पेले भरले असणार. स्वातंत्र्य, अधिकार, गुलामगिरी हे शब्द त्या दोन रात्री किती वेळा उच्चारले गेले असतील! सभासद संसदेच्या करांना खुशाल गुलामगिरी म्हणत, आणि हे शब्द ऐकत कुणीतरी मागे उभे असे.

इतर गुलामांची विक्रीही रॅलेच्याच दारात होई. जमीन, घोडे, भांडीकुंडी आणि माणसे, एकाच पायरीसमोर. लिलावाला ही जागा निवडण्याचे कारण उघड आहे : पैसेवाले गिऱ्हाईक तिथे सापडे.

ऐकणाऱ्यांनी काय केले याचा थोडा माग लागतो. ७ नोव्हेंबर १७७५ रोजी डनमोरने, तोवर गाव सोडून जहाजावर पळालेल्या डनमोरने, जाहीर केले की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. शेकडो लोक जिवावर उदार होऊन त्याच्याकडे गेले. समोरच्या किंग्ज आर्म्समध्ये जेन व्होबच्या मालकीचा गोवन पँफ्लेट नावाचा तरुण काम करी. तो शिकला, प्रवचने देऊ लागला. गुलाम माणसांनी एकत्र जमण्यावर बंदी असतानाही त्याने कृष्णवर्णीयांची बाप्टिस्ट मंडळी उभी केली, आणि ती शेकड्यांनी वाढली. १७९३ मध्ये त्याला मुक्ती मिळाली, आणि त्याच वर्षी त्याच्या मंडळीला बाप्टिस्टांच्या प्रादेशिक संघात प्रवेश मिळाला. त्या रस्त्यावरच्या टॅव्हर्नमधून निघालेल्या नेत्यांची यादी कुणी केली तर जेफरसन-हेन्रीच्या शेजारी त्याचे नाव असायला हवे.

रॅलेचे पुढचे दिवस थोडक्यात सांगता येतील. ५ डिसेंबर १७७६ रोजी विल्यम अँड मेरीच्या विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅप्पा ही अभ्यासू मंडळी स्थापन केली; तिच्या आरंभीच्या बैठकी अपोलोत झाल्याचे परंपरेने मानतात. १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली आणि रॅलेचे गिऱ्हाईक तिच्यामागे गेले. दुसऱ्या वर्षी लॉर्ड कॉर्नवॉलिसची इंग्रज फौज विल्यम्सबर्गमधून गेली आणि ऑक्टोबरमध्ये जवळच्या यॉर्कटाउनला त्याने शरणागती पत्करली. मराठी वाचकाला हा गृहस्थ नवा नाही. पाच वर्षांत तो गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडक्यांची फौज त्याच्याबरोबर होती. १८२४ मध्ये म्हातारा फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या दौऱ्यावर आला तेव्हा रॅलेत त्याला मेजवानी दिली. डिसेंबर १८५९ मध्ये इमारत जळून गेली, आणि त्या जागी दुकाने उभी राहिली.

आज तिथे जी रॅले दिसते ती १९३२ ची आहे. डब्ल्यू. ए. आर. गुडविन या पाद्र्याने जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरला गावाचे जुने रूप परत आणायला राजी केले. मग गुडविनने गावातली घरे एकामागून एक विकत घ्यायला सुरुवात केली, आणि पैसा कुणाचा आहे हे १९२८ पर्यंत गावाला कळू दिले नाही. रॅले उभारताना जुना पाया खणून काढला, विम्याचे कागद पाहिले, टॅव्हर्नवाल्यांच्या मालमत्तेच्या याद्या तपासल्या, आणि बेन्सन लॉसिंग याने १८४८ च्या सुमारास काढलेली चित्रे समोर ठेवली. काम चोख आहे. १६ सप्टेंबर १९३२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली, पुनर्बांधणी केलेल्या इमारतींपैकी सर्वांत आधी.

गोवन पँफ्लेटच्या मंडळीचे नशीब वेगळे. ती आजही आहे, फर्स्ट बाप्टिस्ट चर्च या नावाने, आणि आपली स्थापना १७७६ ची मानते. नॅसॉ स्ट्रीटवरचे तिचे १८५६ चे देऊळ याच पुनर्बांधणीच्या संस्थेने १९५० च्या दशकात ताब्यात घेतले. ते पाडले गेले, कारण अठराव्या शतकाच्या देखाव्यात ते बसत नव्हते, आणि पुढे तिथे वाहनतळ झाला. २०२० मध्ये संस्था आणि चर्च यांनी मिळून तिथे उत्खनन सुरू केले. आणखी जुन्या देवळाचा विटांचा पाया लागला, आणि ६० हून अधिक कबरी.

विल्यम्सबर्गला गेलात तर अपोलो जरूर पाहा, शेकोटीवरची अक्षरे वाचा. पण त्याआधी नॅसॉ स्ट्रीटवरून या, आणि रॅलेत शिरण्यापूर्वी दारातल्या पायरीपाशी थांबून लिलावाची चौकशी करा. मार्गदर्शक सांगतात, विचारावे मात्र लागते.